पाच चिठ्ठ्या माझ्या, पाच त्याच्या

२ मार्च २०२५, रविवार

पतसंस्थेची डायरी दरवर्षी घरी येते आणि दरवर्षी माझी बायको कौसल्या तिच्यात दूधवाल्याच्या खाड्यांचे दिवस लिहिते. यंदा मी ती मागून घेतली. राग ठेवायला कुठेतरी जागा हवी, आणि दुकानात ठेवला तर गिऱ्हाइकं पळतात.

झालं असं की, जयंती समितीचा सचिव संघर्ष सकाळी दुकानात आला. चहा प्यायला, उन्हाचं बोलला, सोयाबीनचं बोलला आणि मग कप खाली ठेवता ठेवता म्हणाला की यंदा चौदा एप्रिलसाठी समिती स्वतःचं मशीन घ्यायचं म्हणते. मशीन म्हणजे अॅम्प्लिफायर. आमच्या धंद्यात त्याला मशीनच म्हणतात. दारव्ह्यात जयंतीच्या स्टेजवर एकतीस वर्षं माझ्या हाताने बनवलेलं मशीन लागतं. ट्रान्सफॉर्मरची तार मी स्वतः गुंडाळलेली आहे. आणि नवीन मशीन कोण आणणार, तर आर्णीचा अश्वजित. माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा, वायरीला सोल्डर करायला माझ्याच दुकानात शिकलेला.

मी म्हटलं, आणा खुशाल, पण आवाजाचं काय? संघर्ष डोकं खाजवत म्हणाला, "काका, लोकायले फरक समजते का पण?"

लोकांना नसेल समजत. मला समजतो. डोळे बांधून उभं करा, माझं मशीन कोणतं ते मी पहिल्या ओळीत सांगेन. हे मी त्याला बोललो आणि तो हसला. जाताना त्याने कप विसळूनही ठेवला, त्यामुळे धड भांडताही आलं नाही.

३ मार्च, सोमवार

काल रागात वणीचं लिहायचं राहिलं. माझ्या कानावर कोणी शंका घेतली की मी वणीचं सांगतो. दुकानात निदान शंभर लोकांना सांगितलं असेल.

२००८ चा फेब्रुवारी. वणीला धम्म परिषद होती. तेव्हा कौसल्याचा आवाज असा होता की ती अंगणात भांडी घासताना गायला लागली तर शेजारचे रेडिओ बारीक करायचे. एका गायन पार्टीच्या प्रमुखाने तिला मुद्दाम बोलावलं होतं. गाणं पसंत पडलं तर तिला पार्टीत घेणार होते, नागपूर-नांदेडपर्यंत कार्यक्रम होणार होते. तिने नवी पांढरी साडी घेतली. मी माझं अठरा किलोचं मशीन मांडीवर घेऊन एसटीने गेलो, कारण तिचा आवाज कशावर जावा हे मला माहीत होतं.

तिथल्या साउंडवाल्याने माझं मशीन लावायला साफ नकार दिला. त्याचं नवीन, हलकं, कंपनीचं होतं. कौसल्याने त्यावर माईक तपासायला दोन ओळी म्हटल्या आणि माझ्या अंगावर काटा आला. आवाज पातळ, कोरडा, जीव नसलेला. मी स्टेजवर गेलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं की या मशीनवर माझ्या बायकोचा आवाज जाणार नाही. कौसल्या खाली उतरली. एक शब्द बोलली नाही, इतका तिचा माझ्या कानावर विश्वास.

तिच्या जागी ममता नावाची एक मुलगी गायली. पार्टीने तिलाच घेतलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. आवाज एकदा बदनाम झाला की झाला, मी तो जपला.

त्यानंतर कौसल्या स्टेजवर गायली नाही. सुरुवातीला बोलावणं आलं नाही आणि पुढे आलं तेव्हा तिनेच नको म्हटलं. आता स्वयंपाक करताना मोबाइलवर ममताची गाणी लावते, त्या नखाएवढ्या स्पीकरवर. माझ्या घरात राहून तिला ते कसं ऐकवतं, मला समजत नाही.

६ मार्च, गुरुवार

अश्वजित आला. मशीन कापडी पिशवीत घालून आणलं होतं, भाजी आणतात तसं. मी हातात घेऊन पाहिलं तर डबा रिकामा असावा असं वाटलं.

मी त्याला लगेच दाखवून दिलं. एकच गाणं, एकच स्पीकर बॉक्स, दोन्ही मशीनची बटणं पाचवर. आधी त्याचं लावलं, मग माझं. कुठे ते आणि कुठे हे! माझ्या मशीनवर ढोलकी खोलीत येऊन बसली. तीस वर्षं मी गिऱ्हाइकांना असंच दाखवतो आणि आजवर एकजण उलट बोललेला नाही.

हा बोलला. म्हणे, "मामा, पाचवर तुमचं मशीन जास्त जोरानं वाजते. जोरात वाजलं का कोनालेही चांगलं वाटते. दोन्ही बराबर जोराचे करून आयका." मग त्याने मोबाइलवर एक सरळ शिट्टीसारखा आवाज लावला, बॉक्सच्या वायरींना मल्टीमीटर जोडलं आणि आकडा जुळेपर्यंत माझं बटण खाली आणलं. ते साडेतीनवर येऊन थांबलं. मी म्हटलं, आवाज कानाने मोजायचा असतो, मीटरने नाही, आणि वायर काढून टाकली.

त्यावर तो शांतपणे म्हणाला, "मंग वणीले मामीले कायले उतरवलं? मी होतो तिथं. मले तं मामीचा आवाज चांगला लागला होता."

मी त्याला दुकानातून जायला सांगितलं. सख्खा भाचा. कौसल्या मागच्या दारातून बाहेर आली, त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि माझ्याकडे न बघता आत गेली. तेव्हाच्या त्या सतरा वर्षांच्या पोराला काय कळत होतं!

पण गोष्ट आता मशीनची राहिली नाही. फरक नसेल तर वणीला मी केलं ते काय केलं, असं त्याने विचारलं आहे. याचं उत्तर मी देणार आहे आणि सगळ्यांसमोर देणार आहे.

९ मार्च, रविवार

परीक्षा ठरली. पुढच्या रविवारी, सकाळी दहा वाजता, माझ्याच घरी. समितीचे लोक ऐकायला येतील. अश्वजितलाही निरोप गेला आणि तो बिचारा काही मनात न ठेवता कामाला लागला.

नियम असे. मधे चादर बांधायची. चादरीमागे दोन्ही मशीन, एक अदलाबदलीचा खटका आणि कौसल्या. दोघांचाही तिच्यावर भरवसा, म्हणून तीच. जोर मीटरने सारखा करायचा, हे मी शेवटी मान्य केलं. कान खरा असेल तर मीटरला कशाला भ्यायचं? डब्यात दहा चिठ्ठ्या, पाच माझ्या, पाच त्याच्या. त्या मी स्वतः कापल्या आणि घड्या केल्या. कौसल्या एकेक काढेल, लिहून ठेवेल, ते मशीन लावेल आणि मी मोठ्याने सांगेन कोणतं आहे.

गाणं कोणतं लावायचं यावर मी म्हटलं, कौसल्याची २००४ सालची कॅसेट. तिची तेवढी एकच कॅसेट आहे. अश्वजित ती पेन ड्राइव्हवर उतरवून आणणार. तो आवाज मी झोपेतही ओळखेन.

कौसल्याला विचारलं, चालेल ना? म्हणाली, "तुमाले जे लावाचं ते लावा." मग बराच वेळ ती गव्हातले खडे काढत बसली.

१३ मार्च, गुरुवार

पेन ड्राइव्ह आला, सोबत अश्वजितचं मशीनही. दुपारी दुकान बंद करून दोन्ही मशीन घरी लावली, मीटरने जोर सारखा केला आणि सवय व्हावी म्हणून ऐकून पाहिलं. डोळे मिटून खटका पुष्कळ वेळा इकडे-तिकडे केला आणि मग थांबून अंदाज केला. पहिल्यांदा चुकलो. दुसऱ्यांदा बरोबर. तिसऱ्यांदा चुकलो, चौथ्यांदाही चुकलो.

कान बसले होते. परवापासून सर्दी आहे, शिवाय दुपारचं जेवण जड झालं होतं. घराबाहेर ट्रॅक्टरही चालू होता.

डोळे उघडले तेव्हा कौसल्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कधीपासून ते माहीत नाही. मी म्हटलं, सर्दी झाली आहे. तिने ओव्याचा काढा करून दिला.

खरं लिहायचं तर मला थोडी भीती वाटते आहे. दोन्हीवर ती सारखीच गोड वाटत होती. पण फरक न कळणाऱ्या माणसाचं आयुष्य मी काढलेलं नाही. ऐन वेळी कान उघडतो, असं नेहमी झालं आहे.

१६ मार्च, रविवार

जिंकलो! दहापैकी नऊ.

सविस्तर लिहितो. समितीचे पाच-सहा लोक सतरंजीवर बसले. मला मधे खुर्ची. लिहायला वही सापडेना म्हणून कौसल्याने माझी हीच डायरी घेतली, मागचं कोरं पान. अश्वजितने सगळ्यांसमोर मीटर लावून जोर जुळवला आणि तो आमच्या बाजूला येऊन बसला. चादरीमागे ती एकटी.

गाणं सुरू झालं आणि खोलीतले सगळे गप्प झाले. अर्ध्या लोकांना माहीतच नव्हतं की ही कौसल्या आहे. एकाने विचारलं, कोणाचा आवाज? संघर्षने चादरीकडे बोट दाखवलं.

मी प्रत्येक वेळी मोठ्याने सांगत गेलो. माझं. माझं. त्याचं. माझं. आता खरं सांगायचं तर तिसऱ्या वेळेपासून मला काही धड कळत नव्हतं, जे पहिलं तोंडाला आलं ते बोललो. पण तेच बरोबर निघालं. याचा अर्थ कान मनापेक्षा हुशार असतो. सहाव्या चिठ्ठीनंतर चादरीमागून काही हालचालच होईना. मला दोनदा हाक मारावी लागली. डोळ्यात कचरा गेला म्हणाली.

मग तिने चादरीबाहेर येऊन यादी वाचली. सात वेळा माझं मशीन लागलं होतं, तीन वेळा त्याचं. म्हणजे चिठ्ठ्यासुद्धा माझ्याच बाजूच्या निघाल्या! मी फक्त एकदा चुकलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अश्वजितने डायरी हातात घेऊन पान पाहिलं, मग मामीकडे पाहिलं, मग म्हणाला, "मामा जितले." एवढंच. हरलेल्याने इतकं मोकळं बोलावं याचं मला कौतुक वाटलं. त्याला मी जेवायला थांबवून घेतलं.

कौसल्याने चिठ्ठ्या चुलीत टाकल्या. संघर्ष म्हणाला, यंदाही तुमचंच मशीन, काका.

वणीचा हिशोब आज मिटला.

१७ मार्च, सोमवार

झोप छान लागली. सर्दीही गेली.

२३ मार्च, रविवार

आठवडाभर दुकानात हीच चर्चा. दिग्रसहून एकजण मुद्दाम मशीन दाखवायला आला. मी त्याला आधी वणीचं सांगितलं, मग नऊचं. कौसल्या चहा घेऊन आली तेव्हा मी म्हटलं, यांनाच विचारा, चादरीमागे याच होत्या. ती कप ठेवून गेली.

ती ममताची गाणी लावत नाही आता. मोबाइल शेल्फवर गप्प पडलेला असतो. मला वाटतं, स्वतःचा आवाज ऐकल्यावर तिलाही फरक समजला.

३ एप्रिल, गुरुवार

एक फोन नंबर लिहून घ्यायला डायरीचं मागचं पान उघडलं. ती यादी समोर आली. दहा ओळी, सात आणि तीन. अभिमानाने पाहत होतो आणि पाहता पाहता बोट ठेवून ओळी पुन्हा मोजल्या.

चिठ्ठ्या मी कापल्या होत्या. पाच माझ्या आणि पाच त्याच्या. दहाही काढल्या होत्या. मग माझं मशीन सात वेळा कसं लागलं?

पान खिडकीजवळ नेलं. चार ठिकाणी आधी वेगळं लिहिलेलं आहे आणि त्यावर पेन घट्ट फिरवलेला आहे. कागद मागून उठून आला आहे. मी नऊ मार्चचं पान उघडून पाहिलं, माझ्याच अक्षरात पाच-पाच लिहिलं आहे. चार ओळी दुरुस्त करून नऊ होतात, म्हणजे मूळचे किती, हे तिसरीतल्या पोरालाही सांगता येईल.

अश्वजितने हे पान पाहिलं होतं. त्याला तेव्हाच समजलं.

दुकान उघडलं नाही. कौसल्याने दोनदा विचारलं, बरं नाही का? मी मान हलवली. उद्या विचारेन. आज हिंमत नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

ती अंगणात तुरीची डाळ पाखडत होती. मी डायरी उघडी करून तिच्यासमोर ठेवली. तिने पान पाहिलं आणि सूप खाली ठेवलं. खोटं बोलली नाही.

"पाच," म्हणाली. "डोये मिटून कोनीही सांगतलं असतं तरी पाचच आले असते."

मला वाटलं होतं ती म्हणेल, तुमची लाज राखली. मला तेच ऐकायचं होतं, म्हणजे मला रागावता आलं असतं. मी विचारलंही, माझ्यासाठी केलं का? ती थोडा वेळ सुपातली डाळ बोटाने सारखी करत राहिली. मग जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवतो, कारण उद्या मी ते माझ्या सोयीने बदलेन.

"वणीले मले तं काईच फरक आयकू आला नवता. मले माहा आवाज चांगलाच लागला होता. पण तुमाले आयकू येते म्हणून मी उतरली. सतरा साल मी याच भरोशावर काढले, का यायले काईतरी आयकू आलं असन. त्या दिवशी तुमी चुकत गेले अन् मले वाटलं, यायलेही काई आयकू येत नाई, तं मंग मी उतरली कायच्यासाठी?"

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो होतो. पाय भरून आले तरी उठता येईना. शेवटी तिनेच हात देऊन उठवलं आणि पुन्हा पाखडायला बसली.

दिवसभर वणीचं आठवतं आहे. तो साउंडवाला त्या वेळी माईक तपासत होता, सगळं कमी जोरावर होतं. पातळ वाटला तो आवाज नुसता लहान होता. बटण दोन घरं वर फिरवलं असतं तर झालं असतं. त्याने माझं मशीन लावलं नाही, या रागाने मला ते सुचलं नाही. आणि मी त्याला कान म्हणत आलो. शंभर लोकांना सांगितलं, तिच्या देखत सांगितलं आणि ती चहा देत राहिली.

मला तिला सांगायचं आहे की मी चुकलो. दुपारी दोनदा स्वयंपाकघरापर्यंत जाऊन आलो. प्रत्येक वेळी पाणी पिऊन परत आलो.

६ एप्रिल, रविवार

सकाळी संघर्षकडे गेलो आणि सांगितलं की परीक्षा खोटी होती, मला पाचच ओळखता आली, समितीने अश्वजितचं मशीन घ्यावं. यादी कोणी बदलली हे त्याने विचारलं. मी म्हटलं, मी. त्याने चहा आणला.

तिथून आर्णीची जीप धरली. अश्वजितचं दुकान मी पहिल्यांदाच पाहिलं. माझ्या दुकानासारखंच मांडलेलं आहे, पकडी त्याच क्रमाने टांगलेल्या. मी विचारलं, त्या दिवशी बोलला का नाहीस? म्हणाला, "मामीनं लिवलं होतं, मामा. मी काय बोलाव?"

घरी येऊन कौसल्याला सगळं सांगितलं. आणि म्हटलं की मी चुकलो, वणीला चुकलो. बोलताना भिंतीकडे पाहत होतो, पण बोललो. ती म्हणाली, "हो." मग मी म्हटलं, या जयंतीला तू गा. ती म्हणाली, "आता कायले?" आणि दूध तापवायला गेली.

११ एप्रिल, शुक्रवार

संघर्ष कार्यक्रमाची यादी दाखवायला आला होता. कौसल्या आतून आली आणि म्हणाली, माझं नाव लिही, एकच गाणं. मी तिच्याकडे पाहिलं तर मला म्हणाली, "मले एकडाव पाहाचं हाय, कसा लागते ते."

खुशीत येऊन मी तालमीला पेटी आणू का विचारलं. नको म्हणाली. तरी सकाळी न्हाणीघरातून बारीक आवाज येत होता. मी अंगणात झाडू घेऊन उगाच उभा राहिलो. आवाज वर चढायचा, थांबायचा आणि पुन्हा खालून सुरू व्हायचा. मी तो केव्हापासून ऐकलेला नाही, हे मला आठवेना. रोजच गुणगुणत असेल आणि माझं लक्ष मशीनकडे असेल, असंही असू शकतं.

१५ एप्रिल, मंगळवार

काल जयंती झाली.

स्टेज नेहमीच्या जागी, चौकात. अश्वजितने मशीन एका हाताने उचलून टेबलावर ठेवलं आणि मला शेजारी खुर्ची दिली. मी पहिल्यांदाच काही काम नसलेला बसलो होतो. लोक येत होते, जय भीम करत होते, कोणीही मशीनकडे पाहत नव्हतं. एकतीस वर्षं मला वाटायचं की ते पाहतात.

कौसल्याने वणीची पांढरी साडी नेसली होती. ती अजून ट्रंकेत आहे हे मला माहीत नव्हतं. घड्यांच्या जागी पिवळी पडली आहे. संघर्षने नाव पुकारलं तेव्हा ती पायऱ्या हळू चढली, गुडघ्यावर हात ठेवून. कॅसेटवरचंच गाणं घेतलं.

धृपद चांगलं गेलं. बाया पुढे सरकल्या. मागे उभी असलेली पोरं मोबाइल धरून चूप झाली. आवाज मोकळा, स्वच्छ, चौकाच्या टोकापर्यंत जात होता. अश्वजितने बटणाला हातही लावला नाही. मी डोळे मिटून बसलो. हे सगळं वणीला झालं असतं, अगदी असंच, असल्याच मशीनवर, आणि तेव्हा ती एकेचाळीस वर्षांची होती.

दुसऱ्या कडव्यात ती वरची जागा आहे, जिथे कॅसेटवर तिचा आवाज सरळ चढत जातो आणि बराच वेळ तिथेच राहतो. तिने श्वास घेतला, वर गेली आणि आवाज फाटला. तिने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा फाटला. ती थांबली नाही, खालच्या पट्टीत घेऊन गाणं पुरं केलं.

आवाज फाटला तेव्हा माझा हात सवयीने मशीनकडे गेला. बटणं पाहिली. वायरी पाहिल्या, माईकची पिन दाबून पाहिली. अश्वजित माझ्याकडे बघत होता.

मशीन ठीक होतं.